विजेच्या हिशेबात माणसे कधी आली?

वीज युनिटमध्ये मोजतात आणि कोळसा टनात. त्यापायी गेलेले जीव मात्र फार काळ कोणीच मोजत नव्हते. १९०६ मध्ये उत्तर फ्रान्समधील कूरिएरच्या खाणीत १,०९९ जण मेले. तरीही खाणीत उतरणाऱ्याने जीव मुठीत धरूनच उतरायचे, असेच तेव्हा समजले जाई.

या समजुतीत न बसणारी घटना २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधील अ‍ॅबरफॅन गावात घडली. खाणीतून निघालेली माती-दगडांची रास डोंगरावर थेट झऱ्यावरच रचलेली होती. सकाळी सव्वानऊच्या सुमारास ती चिखल होऊन खाली आली आणि शाळेवर कोसळली. मुले नुकतीच वर्गात बसली होती. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले. चौकशीत सरकारी कोळसा मंडळ दोषी ठरले. तरीही उरलेल्या राशी हलवायच्या खर्चासाठी दीड लाख पौंड काढले गेले ते लोकांनी पीडितांसाठी जमवलेल्या निधीतून! ते परत मिळायला १९९७ साल उजाडले, तेही व्याजाविना. कोळसा स्वस्त पडतो असे म्हणताना हा खर्च कोणी भरला, हे मला विसरता येत नाही.

१९६९ मध्ये अमेरिकी अभियंता चॉन्सी स्टार यांनी मांडले, की माणूस स्वखुशीने पत्करलेला धोका लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट अधिक सहन करतो. धोके आकड्यांत तोलण्याच्या अभ्यासाला इथून वेग आला.

अणुऊर्जेत पैशाचा प्रश्न आधी आला. मोठ्या अपघाताचा पूर्ण विमा उतरवायला कंपन्या तयार नव्हत्या, म्हणून अमेरिकेने १९५७ मध्येच कायद्याने भरपाईला ५६ कोटी डॉलरची मर्यादा घातली. १९७९ मध्ये अमेरिकेतीलच थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्या अपघातात कोणी दगावले नाही, पण भट्टी कायमची निकामी झाली आणि सफाईला सुमारे शंभर कोटी डॉलर लागले. त्याआधी चारच वर्षे, ऑगस्ट १९७५ मध्ये, चीनचे वीजनिर्मितीसाठीही बांधलेले बान्चियाओ धरण फुटून हजारो माणसे बुडाली होती. जगाला ते कळायला बरीच वर्षे गेली.

हिशेब खऱ्या अर्थाने बदलला तो १९९० नंतर. युरोपातील संशोधकांनी चिमणीतून निघालेला धूर थेट फुफ्फुसापर्यंत मागोवा घेत मोजला. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार युरोपात दर शंभर कोटी युनिटमागे दगडी कोळशाने सुमारे २५ मृत्यू होतात, अणुऊर्जेने ०.१ पेक्षाही कमी. कोळशाचे बहुतेक बळी प्रदूषित हवेचे, खाणीपासून कोसो दूर राहणारे.

मग २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राचा अपघात घडला. किरणोत्सर्गाने झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक. पण घाईघाईने घरांतून, रुग्णालयांतून हलवलेल्यांपैकी दोन हजारांहून अधिक लोक, बहुतांश वृद्ध, त्या फरफटीत आणि नंतरच्या विस्थापनात गेले. त्यांचे मृत्यू अणुभट्टीच्या नावे लिहायचे की स्थलांतराच्या निर्णयाच्या, यावर अजून एकमत नाही.