पीटरचं लग्न मोडलं कुणी? जरा मागची गोष्ट

परवा हुरड्याला शेतावर गेलो होतो, सेलूकडं. आगटी पेटलेली, वडील गरम कणसं तळहातावर चोळून फुंकर मारून दाणे द्यायलेत, समोर गूळ आणि शेंगदाण्याची चटणी, आणि आमचे दोन भाचे मात्र मोबाईलात डोकं घालून भांडायलेत. विषय काय तर स्पायडरमॅनचं लग्न. थोरला लातूरला नीटच्या क्लासला असतो, तो म्हणतो पीटर पार्कर, म्हणजे मास्कमागचा स्पायडरमॅन, पोरगाच पायजे, त्यातच मजा. धाकटा म्हणतो, साठ वर्षं झाली की राव, अजून किती दिवस घरभाडं थकवायचं त्यानं. मग दोघं माझ्याकडं वळले, "मामा, त्याचं लग्न खरंच झालं होतं का?"

झालं होतं. वीस वर्षं टिकलं पण. आणि मोडायला वकील नाही, सैतान लागला. तिथं धुरात डोळे चोळत सगळं सांगता आलं नाही म्हणून निवांत लिहायलोय.

सुरुवात मार्व्हल कंपनीच्या ऑगस्ट १९६२ च्या कॉमिकच्या अंकापासून. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको या दोघांनी शाळकरी पोराला हिरो केलं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती, कारण तोवर त्या वयाचं पोरगं म्हणजे मोठ्या हिरोच्या मागं पळणारं शेपूट. हा पंधरा वर्षांचा, चष्मेवाला, आईबाप नाहीत, बेन काका आणि मे काकूनं वाढवलेला. आणि दुसरी गोष्ट जी लोक विसरतात, हा पोरगा वाढायला लागला! १९६५ ला २८ व्या अंकात शाळा संपली, लगेच कॉलेजला ॲडमिशन. म्हणजे जे वाचणारं पोरगं पहिल्या अंकाला शाळेत होतं ते आणि पीटर बरोबरीनं पुढं सरकले. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथंच आहे, लग्न मोडलं त्या २००७ मध्ये नाही. घड्याळ कंपनीनंच चालू केलं होतं, वाचकांनी मागितलं नव्हतं.

मग घड्याळ हळू झालं. १९६६ ला डिटको सोडून गेले, चित्रकार म्हणून जॉन रोमिटा आले, पीटर दिसायला देखणा झाला, पुढं त्याची बायको झालेल्या मेरी जेनचा चेहरा पहिल्यांदा दिसला. धंदा जोरात चालायला लागला आणि चालत्या धंद्याला कोण हात लावतं. हिरोनं फार बदलू नये, बदलतोय असं नुसतं वाटलं पायजे, हे धोरण स्टॅन लींच्या नावावर सांगितलं जातं. त्याचा पुरावा बघा, शाळा तीन वर्षांत उरकली आणि कॉलेजला तेरा लागली. १९७८ ला १८५ व्या अंकात पदवीदानाचा दिवस आला तर ह्याचं पीटीचं क्रेडिट कमी! आमच्याकडं एटीकेटीत अडकलेले लय बघितले, पण विज्ञानात हुशार आणि पीटीत अडकला, तेही भिंतीवर चढणारा माणूस, असा हाच एकटा.

मधी पीटरच्या मैत्रिणीला, ग्वेन स्टेसीला मारलं, जून १९७३, १२१ वा अंक. आधी मरायचा नंबर मे काकूचा होता, रोमिटा म्हणाले म्हातारी मेली तर कुणाला काय धक्का बसणार, आणि पोरीवर आलं. लेखक जेरी कॉनवे. आज ती गोष्ट क्लासिक म्हणून सगळे डोक्यावर घेतात, पण हिशोब तोच होता, ग्वेन राहिली असती तर आज ना उद्या लग्न आलं असतं. ती गेली, पीटर मोकळा. म्हणजे वय थांबवायला माणूस मारायचा हा पहिला प्रयोग. तेव्हापण पत्रं लिहून लोकांनी शिव्या घातल्याच होत्या.

आता लग्न. १९७७ पासून स्पायडरमॅनची वर्तमानपत्रात रोजची चित्रपट्टी पण यायची, ती वेगळी आणि महिन्याचं कॉमिक वेगळं. चित्रपट्टीत पीटर आणि मेरी जेनचं लग्न लावायचं स्टॅन लींच्या मनात होतं, आणि मार्व्हलचे तेव्हाचे संपादक जिम शूटर यांनी ठरवलं की मग दोन्हीकडं एकदमच बार उडवू. कॉमिकात त्याची तयारीच नव्हती. ह्यानं घाईनं मागणी घातली, ती आधी नको म्हणाली मग हो म्हणाली, चारदोन अंकांत उरकलं, म्हणजे आपल्याकडं मुहूर्त जवळ आला की जसं होतं तसंच. पण थाट मात्र असा की ५ जून १९८७ ला न्यूयॉर्कच्या शेय स्टेडियममध्ये, बेसबॉलच्या मॅचआधी, हजारो लोकांसमोर खरी माणसं उभी करून लग्न लावलं, भटजीच्या जागी खुद्द स्टॅन ली. नवरीचा ड्रेस विली स्मिथ नावाच्या डिझायनरनं केला होता (हिंदीत डब होऊन येणारा तो नट नव्हे, हा वेगळा). अक्षता तेवढ्या टाकल्या नाहीत.

आणि तिथून कंपनीच्या आतच कुरकुर सुरू झाली. नवे संपादक, लेखक म्हणायले, लग्न झालेला, बायको मॉडेल, असा माणूस पोरांना आपला कसा वाटणार. वाचक मात्र रमले, कारण त्यातले बरेच तोवर स्वतः नोकरीला लागले होते, लग्नाचे झाले होते.

मग ते लग्न वाटेतून काढायला काय काय केलं ते ऐका. १९९४ ला क्लोनची, म्हणजे माणसाच्या हुबेहूब नकलेची, भानगड काढली. १९७५ च्या जुन्या गोष्टीतला पीटरचा क्लोन परत आला आणि सांगितलं, बाबांनो हाच खरा, तुम्ही वीस वर्षं वाचला तो क्लोन. म्हणजे लग्नाचा पीटर गरोदर बायकोला घेऊन गावाबाहेर आणि तो परत आलेला बिनलग्नाचा, बेन रायली नावाचा, गादीवर! थोडक्यात संपवायचं ठरलेलं, पण खप चांगला म्हणून मार्केटिंगवाले ताणत गेले आणि १९९६ च्या शेवटापर्यंत चाललं. शेवटी लोक इतके वैतागले की परत फिरवावं लागलं, बेन मेला, तोच क्लोन निघाला. मेरी जेनचं बाळ मात्र त्या रेट्यात गेलं, आणि ते कशानं गेलं, कुठं गेलं हे कॉमिकानं कधी नीट सांगितलंच नाही. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे, लग्नाचा नंतर. त्याच डिसेंबरात मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नुसत्या क्लोनमुळं नाही, पूर्ण धंदाच बसला होता, पण वेळ बघा.

मधल्या काळात मे काकू ४०० व्या अंकात मेली, १९९५, लय सुंदर लिहिलेला अंक, डोळ्यात पाणी येतं. तीन वर्षांनी सांगितलं ती काकू नव्हतीच, कुणी नटी होती, खरी काकू जिवंत आहे. पाणी वापस घ्यायची सोय नाही. २००० ला मेरी जेनचं विमान उडवलं, ती मेली असं धरलं, मग जिवंत निघाली, मग दोघं वेगळे राहिले, मग २००३ ला परत एकत्र. एवढं करून पण लग्न काही तुटंना.

मी त्या वेळेला कॉलेजला, तेव्हाच्या औरंगाबादला. औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांत गोथम कॉमिक्सनं भारतात छापलेले मार्व्हलचे अंक मिळायचे. माझ्याकडं अजून एक आहे, पिना गंजलेल्या, कव्हरचा कोपरा उंदरानं खाल्लेला, आतल्या खलनायकाला कुणीतरी बॉलपेननं मिशा काढलेल्या. हे गोथमवाले म्हणजे तेच ज्यांनी २००४ ला धोतरातला देशी स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर आणला. तर त्या अंकांतला पीटर मास्तर होता, शाळेत शिकवायचा, घरी बायको. माझ्यासाठी स्पायडरमॅन म्हणजे तोच.

आणि मग आली 'वन मोअर डे' नावाची गोष्ट. नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून वाचलं मी. २००६ च्या सिव्हिल वॉर या कॉमिकमध्ये पीटरनं सगळ्या जगासमोर मास्क काढला होता, म्हणून शत्रूनं नेम धरला आणि गोळी लागली मे काकूला. आता त्या जगात डॉक्टर स्ट्रेंजसारखा जादूगार आहे, मेलेली माणसं उठवणारी शंभर यंत्रं आहेत, पण एका म्हाताऱ्या बाईच्या गोळीवर कुणाकडंच इलाज नाही. मग मेफिस्टो नावाचा सैतान येतो आणि म्हणतो काकूला वाचवतो, बदल्यात आत्मा नको, तुमचं लग्न दे. आणि हे दोघं देतात! दुसऱ्या दिवशी पीटर काकूच्या घरी एकटा उठतो, लग्न झालंच नव्हतं, मास्क काढलेला कुणाला आठवत नाही, मेलेला मित्र हॅरी जिवंत. शेवटचा भाग २००७ संपता संपता आला.

हे घडवून आणलं संपादक जो केसाडा यांनी, चित्रंपण त्यांचीच. त्यांचं म्हणणं लपून नव्हतं, काडीमोड दिला तर पीटर घटस्फोटित होतो, बायको मारली तर विधुर होतो, दोन्हीनं म्हातारा दिसतो, म्हणून लग्न मुळातच झालं नव्हतं असं करायचं. लेखक स्ट्राझिन्स्की यांना शेवट इतका पटला नाही की शेवटच्या दोन भागांवरून स्वतःचं नाव काढायची त्यांची इच्छा होती, समजूत घातल्यावर राहू दिलं. आमच्याकडं सोयरीक मोडायची तर दोन्हीकडची चार माणसं सतरंजीवर बसतात, चहा होतो, भांडणं होतात, पण कुणीतरी तोंडानं सांगतं की बाबा जमंना. इथं नवरा-बायकोचं एक साधं भांडणसुद्धा नाही. लोकांना टोचलं ते हे. घटस्फोट चालत नाही म्हणे पोरांसमोर, सैतानाशी सौदा चालतो.

खरं सांगायचं तर केसाडांचा मुद्दा अगदीच फेकून द्यायचा नाही. माझा थोरला भाचा त्यांच्याच बाजूचा आहे आणि त्याला केसाडा कोण ते माहीतपण नाही. २००८ पासून महिन्याला तीन अंक यायला लागले, त्यातल्या काही गोष्टी चांगल्याच होत्या. २०१३ ला डॉक्टर ऑक्टोपस हा जुना खलनायक पीटरच्या शरीरात शिरला तेव्हा पण बोंब झाली आणि वर्षभरात तेच बोंब मारणारे म्हणायले की भारी होतं. वाचक काय सगळ्याच बदलाला नाही म्हणत नाहीत. पण २०२२ नंतर मेरी जेनला पॉल नावाच्या माणसासोबत संसार करताना दाखवलं तेव्हा लोक परत उसळले, कारण जखम जुनीच होती.

आणि कंपनीला हे कळतं बरं का. म्हणून लग्नाचा पीटर मागच्या दारानं विकायचा. १९९८ ला एका वेगळ्या जगात ती गेलेली लेक वाढून स्पायडरगर्ल झाली. २०१५ ला परत बायको-लेकीवाला पीटर. २०१९ ला एक मालिका काढली ज्यात तो १९६२ पासून खऱ्या वर्षांप्रमाणं म्हातारा होत जातो. जानेवारी २०२४ ला अल्टिमेट स्पायडरमॅन ही मालिका, त्यातला पीटर पस्तिशीच्या आसपासचा, बायको, दोन लेकरं, दाढी, आणि खप असा की पहिला अंक परत परत छापावा लागला. मुख्य गोष्टीत मात्र तो अजून सडाफटिंगच.

वडील हे सगळं ऐकत होते. ते इंद्रजालवाले, म्हणजे टाइम्सची ती १९६४ ते १९९० ची कॉमिक्स, त्यातला वेताळ म्हणजे फँटम. ते म्हणाले आमच्या वेताळाचं बरं होतं, बाप मेला की पोरगा मुखवटा घालतो, लोकांना वाटतं तोच आहे. खरंच वेताळाचे जनक ली फॉक यांनी १९३६ लाच वयाचा प्रश्न मिटवून ठेवला होता. १९७७ ला डायनाशी लग्न लावलं, १९७९ ला जुळी झाली, कुणी सैतान बोलावला नाही. तरी गंमत अशी की एवढी सोय असून वेताळ तेव्हापण एकविसाव्या पिढीचा होता आणि आजपण एकविसावाच आहे.

राहिली ती वर्तमानपत्रातली चित्रपट्टी. जानेवारी २००९ ला स्टॅन लींनी तिथंपण कॉमिकासारखाच पीटरला परत कॉलेजात, बिनलग्नाचा केला. वाचकांनी कटकट केली. मे महिन्यात पीटर झोपेतून उठला, शेजारी मेरी जेन, सगळं स्वप्न होतं म्हणाला, आणि पट्टी पुढं चालू. मार्च २०१९ ला नव्या पट्ट्या येणं थांबलं तोवर तिथं तो नवराच होता.