परसातल्या कोंबड्या, खारी आणि लवंगी मिरची

परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांची मांजर, मुंगूस आणि भटक्या कुत्र्यांविरुद्धची तयारी पक्की असते. खुराड्याला कडी असते, दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घेतल्या जातात. खार मात्र या हिशेबात कुठेच नसते. ती भर दिवसा येते, कोंबड्या आजूबाजूला फिरत असतानाच भांड्याच्या काठावर बसते आणि मक्याचा दाणा दोन्ही हातांत धरून निवांत खाते. उंदरांसाठी सगळे सांगतात तो उपाय, म्हणजे रात्री खाद्याचं भांडं उचलून आत ठेवणं, इथे लागूच पडत नाही. खार आणि कोंबडी दोघीही दिवसा जागतात, रात्री झोपतात. म्हणून खारीला अडवायचं असेल तर दोघींमधला वेगळाच काही फरक शोधावा लागतो. असे फरक आहेत: वजनात, दातांत आणि तोंडाला लागणाऱ्या तिखटात.

आधी नुकसान नेमकं कुठे होतं ते पाहू. आपल्या अंगणात येणारी खार म्हणजे पाठीवर तीन किंवा पाच पट्टे असलेली छोटी खार. (शेकरू हा आपला राज्यप्राणी बहुतेक आयुष्य उंच झाडांवरच काढतो, त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.) या छोट्या खारीचं वजन साधारण १०० ग्रॅम. अंड्यावर असलेली कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे अख्खी खार भरते ती एका कोंबडीच्या एका दिवसाच्या खाद्याएवढी! तिच्या पोटात असं किती जाणार? खाद्य वाया जातं ते खाण्यापेक्षा उकरण्यात आणि सांडण्यात. खार निवडून खाते. आवडीचे दाणे उचलते आणि बाकीची भरड विस्कटून ठेवते.

हे सांडलेलं खाद्य म्हणजे पुढच्या त्रासाची सुरुवात. पावसाळ्यात ते दोन दिवसांत ओलं होऊन बुरशी धरतं. बुरशीच्या विषाची ताकद जगाला कळली ती १९६० साली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण सापडेना म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ असंच नाव पडलं. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. तिच्यात वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेलं विष पक्ष्यांच्या यकृतावर घाला घालत होतं. तेच अफ्लाटॉक्सिन. ते साध्या उष्णतेने नष्ट होत नाही. त्यामुळे बुरशी लागलेलं खाद्य उन्हात वाळवून पुन्हा कोंबड्यांपुढे टाकण्याची आपल्याकडची सवय खरोखर धोक्याची आहे. असं खाद्य कोंबडीला देऊ नका, गाई-म्हशींनाही देऊ नका. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या या विषाचा काही अंश दुधातून बाहेर येतो.

शिवाय खारीने दिवसा सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर-घुशी येतात. उंदरांमागे धामण येते, कधी नागही येतो. उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, हे कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. म्हणून खारीचा बंदोबस्त करायचा तो एवढ्याशा दाण्यांसाठी नव्हे, तर तिच्यामागून येणाऱ्या या रांगेसाठी.

साठवणीचं काम सोपं आहे. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. दाताच्या पुढच्या बाजूला कठीण आवरण असतं, मागची बाजू मऊ असते. मागची बाजू लवकर झिजते आणि पुढची धार आपोआप परजली जाते. प्लास्टिकचा ड्रम, गोणपाट, लाकडी पेटी यांचा अशा दातांपुढे टिकाव लागत नाही. पत्र्याची कोठी किंवा घट्ट झाकणाचा तेलाचा रिकामा डबा घ्या, विषय संपला.

खरी अडचण आहे ती दिवसभर उघड्या असणाऱ्या भांड्याची. त्यावर मला सगळ्यांत पटणारा उपाय म्हणजे पायाने उघडणारा फीडर. भांड्याच्या झाकणाला एक लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला फळी. कोंबडी फळीवर उभी राहिली की झाकण वर जातं, उतरली की खाली येतं. यामागे तरफेचं साधं गणित आहे. फळीवरचं वजन आणि टेकूपासूनचं तिचं अंतर यांचा गुणाकार झाकणाच्या बाजूच्या गुणाकारापेक्षा जास्त झाला, तरच झाकण उघडतं. फळी टेकूपासून जवळ-लांब सरकवून किंवा झाकणाच्या बाजूला वजन बांधून ते किती ग्रॅमला उघडावं हे आपण ठरवू शकतो. गावठी कोंबडी किलोभर किंवा त्याहून थोडी जास्त भरते. झाकण ५०० ग्रॅमला उघडेल असं ठेवलं तर कोंबडीला ते सहज उघडतं, आणि खारींना उघडायचं तर पाच जणींना एकाच वेळी फळीवर चढावं लागेल. चिमणी जेमतेम २५ ग्रॅमची, पारवा ३०० ग्रॅमच्या आसपास. तेही बाहेरच राहतात.

हा फीडर परदेशात बराच वापरला जातो, पण माझ्या मते तो आपल्याकडे जास्त उपयोगी आहे. अमेरिकेतल्या परसांत येणारी करडी खार ४०० ते ६०० ग्रॅमची असते. तिथे खार आणि छोट्या जातीची कोंबडी यांच्या वजनांतलं अंतर कमी, त्यामुळे झाकण नेमकं बसवणं कठीण जातं. आपल्याकडे कोंबडी खारीच्या दहापट जड आहे. वेल्डिंगच्या दुकानात पत्रा, दोन बोल्ट आणि एक फळी यांत हे काम होतं. मात्र कोंबड्यांना सवय लावावी लागते. सुरुवातीला झाकण पूर्ण उघडं बांधून ठेवायचं, मग अर्धं, मग मोकळं. झाकणाची कड दुमडून घ्या, नाहीतर मानेला कापेल.

पिल्लांच्या बाबतीत हे गणित फसतं. दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू खारीएवढंच भरतं. तिथे वजन कामाचं नाही, अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळीच हवी. पिल्लांचं खाद्य जाळीच्या आतच ठेवा. बाजारात मिळणारी पातळ तारेची षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण बाहेरच्यांना अडवण्यासाठी ती पुरेशी नाही.

टांगलेल्या भांड्याबाबत एकच सांगतो. कोकणात आणि गोव्यात उंदीर चढू नये म्हणून माडाच्या खोडाला गुळगुळीत पत्रा ठोकतात. त्यावर नखं रुतत नाहीत. भांडं ज्या खांबावर टांगलं आहे त्यालाही तसाच पत्रा गुंडाळता येतो. पण जवळ फांदी असेल तर खार खोडाकडे बघतसुद्धा नाही, ती वरून उडी मारते.

आता मिरची. या सगळ्या विषयातला सगळ्यांत सुंदर भाग हाच. मिरची झोंबते ती कॅप्सेसिन या रसायनामुळे. आपल्या तोंडातल्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या चटक्याची सूचना मेंदूला देतं. कॅप्सेसिन त्याच प्रथिनाला चिकटतं आणि काहीही गरम नसताना मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. हे प्रथिन डेव्हिड ज्युलिअस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधलं, आणि ज्युलिअस यांना २०२१ सालच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. याच प्रयोगशाळेने २००२ साली कोंबडीचं टीआरपीव्ही-१ तपासलं. ते चटका ओळखतं, पण कॅप्सेसिनला दाद देत नाही. प्रथिनाच्या घडणीत थोडासा फरक, आणि लवंगी मिरची कोंबडीला झोंबतच नाही!

याचं कारण मिरचीच्या झुडपाच्या सोयीत आहे. ॲरिझोनातल्या रानमिरच्यांवरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या पोटातून गेलेलं मिरचीचं बी उगवलं नाही, पक्ष्यांच्या पोटातून गेलेलं उगवलं. जे बी चावून टाकतात त्यांना तिखट लागावं आणि जे ते दूरवर नेऊन टाकतात त्यांना लागू नये, हे झुडपाच्या फायद्याचं आहे. मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर. म्हणजे आपल्या खारीच्या पूर्वजांनी तिची चव कधीच घेतली नव्हती, तरी तिखट लागण्याची सोय त्यांच्याकडे आधीपासून होती, कारण ते प्रथिन सस्तन प्राण्यांचा जुना वारसा आहे. याला अपवादही सापडले आहेत. चीनमध्ये आढळणारी झाडचिचुंद्री आपल्या बदललेल्या टीआरपीव्ही-१ मुळे मिरच्या मजेत खाते.

व्यवहारात मात्र मिरची काळजीपूर्वक वापरावी लागते. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून दाण्यांना थोडं तेल चोळून मग तिखट लावा, तर ते चिकटून राहतं. बेडगी मिरचीचा इथे उपयोग नाही, ती रंगाला तेज आणि तिखटाला सौम्य. लवंगीसारखी झणझणीत मिरचीच हवी. गंमत म्हणजे लाल मिरचीतला कॅप्सँथिन हा रंग कोंबडीच्या पोटातून अंड्यात उतरतो आणि बलक केशरी होतो. मिसळताना नाका-तोंडाला फडकं बांधा, डोळ्यांना हात लावू नका. आणि भुकेली खार तिखटही सोसते, त्यामुळे मिरची हा जोडीचा उपाय समजा, मुख्य भिस्त झाकणावर आणि जाळीवर ठेवा.

खाद्य देण्याच्या वेळाही मदत करतात. कोंबडी संध्याकाळी झोपायला जाण्याआधी गळ्याखालची अन्नपिशवी भरून घेते आणि रात्रभर ते खाद्य पचवते. अंड्याचं कवच बहुतेक रात्रीच तयार होतं, त्यामुळे हे संध्याकाळचं खाणं महत्त्वाचं. सकाळी आणि संध्याकाळी, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच खाद्य घातलं आणि आपण जवळ उभे राहिलो, तर मधल्या वेळात खारीला काही मिळत नाही.

विषाची गोळी मात्र ठेवू नका, ही कळकळीची विनंती. झिंक फॉस्फाइडचं आमिष खार खाईल तसं कोंबडीही टिपेल, कारण ते धान्यातच मिसळलेलं असतं. साठून राहणारी विषं खाऊन सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या हाती लागला तर घुबडही मरतं, आणि तेच घुबड तुमच्या परसातले उंदीर फुकट कमी करत असतं. एक खार मारली किंवा पकडून दूर सोडली, तरी उघडं भांडं दिसताच शेजारच्या आंब्यावरची दुसरी खार तिची जागा घेते.