यारकंदचे ‘पुल’ खोटे नाहीत

आजच्या चीनमधल्या शिनजियांगातल्या यारकंद शहराची जुनी तांब्याची नाणी पाहिली की लोक हमखास म्हणतात, ‘ही खोटी, नाहीतर कडा कापलेली.’ हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली नाणी भंगारात जातात याचं वाईट वाटतं.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात यारकंदचा कारभार स्थानिक खोजांकडे, म्हणजे मुस्लिम धर्मगुरूंच्या घराण्याकडे होता, पण कर जात असे जुंगार मंगोलांना. तिथलं नाणं म्हणजे ‘पुल’. ते ओतीव नव्हे. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा घालायचा. म्हणून नाणं बुटकं, जाड, एका टोकाला निमुळतं, बदामासारखं. ठसा तुकड्यावर पुरता बसत नसे. एका बाजूला जुंगार राजाचं नाव, दुसरीकडे अरबी लिपीत यारकंद, आणि त्यातली दोनचार अक्षरंच उमटलेली. ही झीज नव्हे, घडणच तशी.

मधे चौकोनी भोक नाही म्हणून ती बनावट, असंही सांगतात. भोकाची ओतीव तांबडी नाणी तिथे 1760 पासून, चीनच्या चिंग राजवटीने टांकसाळ काढल्यावर आली. सुरुवातीला दोन पुल देऊन एक नवं नाणं मिळे, आणि जुने पुल वितळवले जात. त्यामुळेच आज ते कमी दिसतात.