डीव्हीकॅममध्ये चित्र जास्त स्वच्छ येतं का?

सोनीच्या पीडी-१५० कॅमेऱ्यात टेपवर डिजिटल चित्रण नोंदवण्याचे डीव्ही आणि डीव्हीकॅम असे दोन पर्याय होते. डीव्हीकॅमवर चित्र जास्त स्वच्छ येतं, हा समज लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांत अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. दोन्हींत चित्राची नोंद सेकंदाला २५ मेगाबिटच, कॉम्प्रेशनही (डेटा दाबून लहान करणं) तेच. फरक टेपवर पडतो: डीव्हीचा ट्रॅक (टेपवरची नोंदीची बारीक पट्टी) १० मायक्रॉन रुंद, डीव्हीकॅमचा १५. रुंद ट्रॅक दुसऱ्या मशीनवर नीट वाचला जातो, ड्रॉपआउट (नोंद न वाचली गेल्याने चित्र तुटणं) कमी होतात. मात्र टेप वेगाने पळते, म्हणून ६० मिनिटांची कॅसेट ४० मिनिटांतच संपते. जुन्या कॅसेट संगणकात उतरवताना डीव्हीवाल्या आधी घ्या, त्याच जास्त नाजूक.