फ्रान्सिस्कन मठांची मिळकत आणि दप्तर

असिसीच्या संत फ्रान्सिसने स्थापन केलेल्या फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे मठ, त्यांच्या जागा, चर्चमधील जंगम वस्तू आणि या सर्वांविषयीचे कागद यांचा हा विषय आहे. त्याचे वेगळेपण असे की या संघाने मालकी हक्कच नाकारला होता. पोप तिसरा होनोरियस याने 1223 मध्ये मान्य केलेल्या नियमावलीचे सहावे प्रकरण बंधूंना, म्हणजे संघाच्या सदस्यांना, बजावते, की घर, जागा किंवा कोणतीही वस्तू आपली म्हणून ठेवू नये. मात्र भिक्षेवर जगणाऱ्यांनाही छप्पर लागते, उपासनेची भांडी लागतात, ग्रंथ लागतात. दान येत राहिले आणि ते कोणाच्या नावे लावायचे हा प्रश्न उभा राहिला.

पोप चौथ्या इनोसंटने 1245 मध्ये त्यावर तोड काढली. मालकी पोपच्या गादीची, वापर बंधूंचा. पैशाचा व खरेदी-विक्रीचा व्यवहार ‘सिंडिक’ नावाचा गृहस्थ कारभारी पाही. पोप बाविसाव्या जॉनने 1322 मध्ये ही मालकी सोडून दिली, तेव्हा ख्रिस्ताने आणि त्याच्या शिष्यांनी काही बाळगले होते की नाही, इथपर्यंत वाद पेटला. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये बहुतेक संघांना सामाईक स्थावर मिळकत ठेवण्याची मुभा दिली. काटेकोर नियम पाळणारे ऑब्झर्व्हंट फ्रान्सिस्कन आणि कॅपुचिन या फ्रान्सिस्कनांच्याच शाखांना मात्र त्यातून वगळले.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये. देवस्थान इनामात जमीन देवाच्या नावे असते आणि वहिवाट पुजाऱ्याची किंवा गुरवाची. मालक एक आणि उपभोग घेणारा दुसरा असला की सगळा भार कागदावर येतो. म्हणूनच निर्धनतेची शपथ घेतलेल्या या संघाची कागदपत्रे इतकी विपुल आहेत: दानपत्रे, पोपचे फर्मान, जमाखर्चाच्या वह्या, चर्चमधील चांदी व वस्त्रांच्या याद्या, प्रांतिक सभांचे ठराव, मृत बंधूंच्या नोंदवह्या.

आपल्या किनाऱ्यावर या मठांचे मोठे ठाणे वसई होते. अंतोनियो दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई-साष्टीत वावरत होता. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचे चर्च झाले आणि त्याला लागून मठ व विद्यालय उभे राहिले, ते त्याच काळात. लेण्यातल्या शिवाची पूजा त्यामुळे थांबली, हेही या मिळकतीच्या इतिहासात नोंदले पाहिजे. जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक संघाकडे साष्टीतील गावांचे उत्पन्न होते. फ्रान्सिस्कनांचा खर्च मुख्यतः पोर्तुगीज राजाच्या खजिन्यातील नेमणुकीवर आणि भाविकांच्या दानावर चाले. सिमाँव बोतेल्यो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1554 मध्ये तयार केलेल्या महसूल-नोंदवहीत वसईच्या मुलुखाचा हिशेब आहे. मठांना मिळणाऱ्या रकमा समजून घेताना अशा सरकारी वह्यांचा मोठा आधार होतो. वसई किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत आजही कोरीव लेखांच्या कबरशिळा आहेत. उघड्यावर पडलेले हे दप्तरच आहे आणि पावसापाण्याने ते झिजते आहे.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि येथील मठांचा काळ संपला. त्या वेळी राजधानी साताऱ्यास होती, छत्रपती शाहू गादीवर होते. मोहिमेच्या कागदांतील महत्त्वाची पत्रे साताऱ्याजवळच्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली आहेत. शाहूंनी स्वामींना धावडशी इनाम दिली होती. म्हणजे एका धर्माच्या मठांचा शेवट कसा झाला, ते दुसऱ्या धर्माच्या इनामदार संन्याशाच्या पत्रव्यवहारातून कळते.

वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. त्यांपैकी एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणिसांनी कृष्णेवर बांधलेल्या घाटाशी टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आणि 1707 हे साल आहे. युरोपातही मठ मोडले की घंटांचा हिशेब आधी होई. इंग्लंडमध्ये 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी फ्रायरी, म्हणजे भिक्षेवर जगणाऱ्या बंधूंचे मठ, ताब्यात घेतल्या, तेव्हाच्या याद्यांत घंटा आणि छपरांचे शिसे येते. मेणवलीची घंटा वितळली नाही, ती दुसऱ्या उपासनेच्या सेवेत राहिली, ही समाधानाची गोष्ट आहे. तिचे शास्त्रशुद्ध मोजमाप, ठसे व छायाचित्रे करून वसईच्या इतर घंटांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

त्याच मेणवलीच्या वाड्यातून नानांचे दप्तर साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या हाती आले. ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहारही त्यांनीच प्रसिद्ध केला. त्यांच्या साताऱ्यातील संग्रहालयाचा संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

गोव्यातील मठ आणखी शतकभर टिकले. पोर्तुगालने 1834 मध्ये पुरुषांचे धार्मिक संघ बंद करून मिळकत सरकारजमा केली. 1835 मध्ये हा हुकूम गोव्यात अमलात आला. जुन्या गोव्याच्या फ्रान्सिस्कन मठात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. 1595 मध्ये दियोगु दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराकडे सोपवलेल्या गोव्याच्या अभिलेखागारात मठांविषयीचे बरेच कागद सापडतात.

साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले. त्यानंतर 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने दक्षिणेतील सनदा तपासल्या. गोव्यात संघच बंद करून मिळकत घेतली गेली. इथे देवस्थान राहिले, पण सनद दाखवा असे फर्मान निघाले. या चौकशीचे कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत.

सातारा आणि सांगली हे जिल्हे आज 1886 मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतात. पाचगणीचे 1895 चे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट हे स्त्रियांच्या कॅथलिक संघाचे इथले जुने ठाणे. कॅथलिक संस्थेची मिळकत सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर मंदिर किंवा दर्ग्याप्रमाणेच तिलाही 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो आणि स्थावर विकायची झाल्यास कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अभ्यासकाने सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि न्यास नोंदवहीचा उतारा शेजारी ठेवून वाचावा. एकात कब्जा दिसतो, दुसऱ्यात विश्वस्त.