कर्क मायकलच्या शिळेवरील नावे

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन हे जेमतेम ५७२ चौरस किलोमीटरचे बेट आहे. तिथल्या चर्चमध्ये पाटीच्या दगडाच्या उंच, पातळ शिळा जपून ठेवलेल्या दिसतात. त्यांच्या दर्शनी बाजूवर क्रूस कोरलेला असतो आणि अनेकींच्या कडेने रून या जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीतील मजकूर गेलेला असतो. रून अक्षरे दिसली की ‘व्हायकिंगांचे क्रूस’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. पण मजकूर वाचू लागले की ती सवय फार काळ टिकत नाही.

बेटावरच्या कर्क मायकल या गावातील, दहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची एक शिळा सांगते की हा क्रूस मेलब्रिग्दी याने उभारला आणि तो अथाकान लोहाराचा मुलगा होता. मेलब्रिग्दी म्हणजे आयरिश संत ब्रिगिडचा सेवक. हे नाव अस्सल गेलिक, म्हणजे आयर्लंडकडच्या भाषेतले आहे, पण वाक्य नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या स्कँडिनेव्हियन भाषेत आहे. शेवटी कारागीर आपली सही ठोकतो, ‘गाउटने हा आणि मॅनमधले सगळे घडवले’, आणि गाउट हे नाव स्कँडिनेव्हियन. त्याने कोरलेली कड्यांच्या साखळीची नक्षी नॉर्वेतील बोर्रे येथील दफनस्थळावरून नाव पडलेल्या शैलीशी नाते सांगते. मात्र दगडावर क्रूस कोरण्याची रीत नॉर्वेतून आलेली असणे शक्य नाही, कारण नॉर्वे तेव्हा पुरता ख्रिस्ती झालेलाच नव्हता; ती बेटावर नॉर्स लोक येण्याआधीपासून चालत आली होती. स्वतःची एवढी फुशारकी मारणाऱ्या गाउटने ही रीत कोणाकडून उचलली, हे मात्र सांगितलेले नाही.

त्याच गावातली दुसरी शिळा माझ्या मते सगळ्यांत बोलकी आहे. माल लुमकुन याने ती आपली पालक आई मालमुरा हिच्यासाठी उभारली. ती डुफगालची मुलगी आणि अथिस्लची बायको. मुलगा, आई आणि आजोबा यांची नावे गेलिक, नवरा तेवढा नॉर्स: म्हणजे सरमिसळ दगडावर येण्याआधी घरात झालेली होती. डुफगाल हे नाव कोरणाऱ्याने ‘तुफकाल्स’ असे लिहिले आहे, आणि तो त्याचा निष्काळजीपणा नव्हे. त्या काळच्या रून लिपीत अवघी १६ चिन्हे होती, त्यामुळे ‘ड’साठी ‘त’चे आणि ‘ग’साठी ‘क’चे चिन्ह वापरावे लागे. व्याकरणाचे तसे नाही. ‘बायको’ या अर्थाचा शब्द नॉर्समध्ये तिथे ‘कोनु’ असा द्वितीयेत हवा होता, तो ‘कोना’ असा प्रथमेतच राहिला आहे. नॉर्स ही घरातली मायबोली नसलेल्या माणसाची ही चूक असावी, असा तर्क त्यावरून करता येतो. त्याला बळ देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे याच शिळेवर आयरिश परंपरेतल्या ओघम लिपीची अक्षरमालाही रेघांनी कोरलेली आहे. वाईट मुलापेक्षा चांगला मानलेला मुलगा मागे ठेवणे बरे, अशी मजकुराची अखेर आहे. त्यात सख्ख्या मुलाला मारलेला टोमणा असावा, असे वाचताना वाटल्याशिवाय राहत नाही.

बेटावरच्याच अँड्रियास येथील थोरवाल्डच्या शिळेचा फक्त तुकडा उरला आहे. तिच्या एका बाजूला खांद्याशी पक्षी असलेला, हातातला भाला खाली रोखलेला, नॉर्स देवांचा प्रमुख ओडिन दिसतो. फेनरिर लांडग्याने त्याचा पाय जबड्यात धरलेला आहे. म्हणजे नॉर्स पुराणकथांतल्या देवांच्या अंताचा हा क्षण आहे. दुसऱ्या बाजूला हातात क्रूस आणि पुस्तक घेतलेला माणूस आहे, त्याच्याजवळ मासा आणि साप आहेत. यात दोन धर्मांचा गोंधळ पाहणारे आहेत, पण मला तरी मांडणी विचारपूर्वक वाटते: एका बाजूला जुना देव संपतो आणि दुसऱ्या बाजूला नवा धर्म उभा राहतो, आणि पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत हे कोरणाऱ्याने गृहीत धरले आहे. कडेवर ‘थोरवाल्डने क्रूस उभारला’ एवढे वाचता येते. तो कोणासाठी, हे सांगणारा भाग तुटून गेला आहे.