लूप आकृत्या म्हणजे निव्वळ क्वांटम परिणाम नव्हेत

फाइनमन आकृत्यांमध्ये, म्हणजे कणांच्या आंतरक्रिया मोजण्यासाठी काढल्या जाणाऱ्या रेखाकृतींमध्ये, लूप (बंद वळसा) नसलेला भाग अभिजात (क्वांटमपूर्व) भौतिकीचा आणि लूप असलेला भाग क्वांटम दुरुस्तीचा, कारण प्रत्येक लूपमागे प्लांक स्थिरांकाचा (क्वांटम परिणामांचे माप ठरवणाऱ्या स्थिरांकाचा) एक घात वाढतो, असे अनेक वर्षे सरसकट शिकवले जाते. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत हे खरे नाही, आणि भौतिकशास्त्रज्ञ इवासाकी यांनी 1971 मध्येच एका लूपमधून अभिजात विभव (बलामागची स्थितिज ऊर्जा) काढून दाखवले होते.

मेख वस्तुमानात आहे. वस्तुमान तरंगसंख्येच्या रूपात लिहिले की प्लांक स्थिरांक छेदात येतो आणि लूपमधला वाढीव घात त्याने कटतो. दोन जड कण एकमेकांवरून विखुरतात तेव्हा एका लूपमधून, संवेग-हस्तांतरणाच्या (एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या संवेगाच्या) वर्गाचे वर्गमूळ आणि लॉगॅरिदम असलेली पदे निघतात. पहिल्यातून विभवात अंतराच्या वर्गाने घटणारी सामान्य सापेक्षतेची अभिजात दुरुस्ती मिळते, तर घनाने घटणारी खरी क्वांटम दुरुस्ती दुसऱ्यातून येते. सूर्याच्या पृष्ठभागापाशी पहिली दुरुस्ती सुमारे दहा लाखांत काही भाग एवढी भरते. दुसरी मोजण्याचा विचारही करू नये.

अशा गणितात कृष्णविवराच्या जागी एक जड मूलकण धरतात. ‘मग फिरणाऱ्या कृष्णविवराला स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) असलेला मूलकण कसा चालेल?’ हा आक्षेपही टिकत नाही. स्पिन अर्धा असलेल्या कणातून स्पिन-कक्षा आंतरक्रिया (स्पिन आणि कक्षेतली गती यांची) मिळते, एक असलेल्या कणातून चतुर्ध्रुवही (वस्तूच्या गोलाकारापासूनच्या विचलनाचे माप) मिळतो, आणि स्पिन जितका उच्च तितके वरचे ध्रुव हाती लागतात. प्लांक स्थिरांक आणि स्पिन यांचा गुणाकार कायम ठेवून स्पिन अमर्याद वाढवला, की न्यूनतम युग्मन असलेल्या (गुरुत्वाकर्षणाशी सर्वांत साध्या रीतीने जोडलेल्या) कणाचे ध्रुव केर कृष्णविवराच्या, म्हणजे फिरणाऱ्या कृष्णविवराच्या, ध्रुवांशी जुळतात.